लाडानं मेलेला पुदिना

सोलापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो बघितला. कुंडी नवीकोरी, माती काळीभोर आणि पुदिना मात्र पिवळा पडलेला. कुंडी उलटी करून बघ की, खाली भोक तरी आहे का? पुदिन्याला ओल लागते, पण पाणी तुंबलं की मुळं कुजतात. लाडानं मेलाय तो.

आता विकतचं रोप नको. मंडईतल्या जुडीतल्या चार जाड काड्या निवड, खालची पानं खुडून ग्लासभर पाण्यात ठेव. दोन दिवसांनी पाणी बदल. आठ-दहा दिवसांत पेरांतून दोऱ्यासारखी पांढरी मुळं सुटतील. मग रुंद कुंडीत लाव, कारण हा आडवा पसरतो. सकाळचं ऊन पुरे. इथं मे महिन्यात पारा 43 अंशांवर जातो, तेव्हा माझी कुंडी मोरीजवळच्या सावलीत असते. नळाला रोज पाणी कुठलं? तांदूळ-भाजी धुतलेल्या पाण्यावरच तो हिरवागार आहे.

जमिनीत मात्र लावायचा नाही. तू चौथीत असताना मी मोगऱ्याशेजारी लावला होता. एका पावसाळ्यात त्यानं मोगऱ्याचं आळं गिळलं आणि फरशीच्या फटीतून पार नळापाशी डोकं काढलं. उपटावं तर मातीत राहिलेल्या तुकड्यातून परत हजर. तुझी आजी दोन वर्षं मला ऐकवत होती.

आणि एकेक पान काय तोडतोस? पेराच्या वर शेंडाच खुड, तिथून दोन फांद्या फुटतात. तुरा येण्याआधी छाट, नाहीतर पानं बारीक होतात, वासही उतरतो.

चटणीला मूठभर पुदिना, अर्धी मूठ कोथिंबीर, दोन हिरव्या मिरच्या, लसूण, भाजलेले शेंगदाणे, मीठ, लिंबू. मिक्सर थांबत थांबत फिरव आणि बर्फाचा एक खडा टाक. भांडं तापलं की चटणी काळी पडते. उरलेली पानं सावलीत वाळवून चुरून ठेव, ताकात बरी लागतात.

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून ठेवलीय. दिवाळीहून परत जाताना सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरशील, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून आपल्या कुंडीतल्या काड्याही देईन. बॅगेत कोंबू नकोस, हातात धर.

तुझी आई