माळावर खड्डे खणण्याआधी गवतात पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. यंदा आमच्या गावच्या माळावरही रांगेने खड्डे खणले गेले. ‘पडीक जमीन हिरवी करू’ असा फलकही लागला आहे. परवा त्यातल्याच एका खड्ड्यापासून हातभर अंतरावर धाविक पक्ष्याची दोन अंडी दिसली, अगदी आजूबाजूच्या खड्यांच्या रंगाची. त्या माळाला पडीक कसे म्हणायचे?

गेल्या हिवाळ्यात मी गुजरातेत भावनगरजवळच्या वेळावदर राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. एकेकाळी भावनगर संस्थानिकांच्या शिकारीचे हे कुरण 1976 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्र जेमतेम 34 चौरस किलोमीटर. बहुतेक लोक तिथे काळवीट पाहायला जातात, मी भोवत्यांसाठी गेलो. मध्य आशियातून येणारे हे शिकारी पक्षी दिवसभर भोवतालच्या शेतांवर फिरतात आणि दिवस कलला की चहूकडून या गवताकडे येऊ लागतात. आधी एक-दोन, मग थव्याने. गवताच्या शेंड्यांवरून घिरट्या घालतात, बसतात, पुन्हा उठतात, आणि अंधारता अंधारता सगळे गवतात गडप होतात. झाडावर एकही नाही. हे पक्षी रात्र काढतात ती जमिनीवर. सकाळी वाटाड्याने भोवत्याने ओकलेली अंगठ्याएवढी गोळी दाखवली. नखाने उकलली तर आत नाकतोड्यांचे पाय आणि पंखांचे तुकडे! कपाशीवरचे किडे फुकटात टिपणारा हा राखणदार आहे. पूर्वी इथे हजारोंनी उतरणारे भोवते आता बरेच कमी झाले आहेत, याचे फार वाईट वाटते.

पावसाळ्यात याच गवतात तणमोर हा पक्षी येतो. मादीला दिसावे म्हणून नर गवताच्या वर उंच उडी घेतो, पुन्हा पुन्हा, दिवसभर. झुडपे माजली तर ती उडी दिसणार कोणाला? 2021 पासून तणमोर अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. आपल्याकडे अकोला-वाशीमच्या माळांवरही तो आढळला आहे.

वेळावदरच्या परिसरात खारी जमीन पसरू नये म्हणून एकेकाळी वेडी बाभूळ लावली गेली. तीच पुढे गवतात घुसली आणि आता ती उपटून काढावी लागते. मग आपण आपल्या माळांवर मुद्दाम झाडे का लावतो आहोत? आम्हा सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या नान्नजला 1979 मध्ये उघड्या माळावर राहणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, आणि आज तिथे एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते.

झाडे जरूर लावावीत, पण ती ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात. माळावर कुदळ मारण्याआधी वनखात्याने आणि ग्रामपंचायतीने एखाद्या मेंढपाळाला बरोबर घेऊन पहाटे एक फेरी मारावी. कुठे कोण अंडी घालते, ते त्याला तोंडपाठ असते. आणि गवताला बी धरेपर्यंत कापणीही थांबवावी.

आमच्या माळावरचे खड्डे अजून रिकामे आहेत. रोपांची गाडी यायच्या आत ते बुजवता येतील.

आपला,
एक वाचक, सोलापूर जिल्हा