दुसरा कंट्रोलर हातात घेतलेल्या दादांना

दादा,

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण टोमणेही चारचौघांतच मिळाले होते.

‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये फॉक्स हे कॅरेक्टर शिकायचं म्हटलं की सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. ‘तुझे हात चालत नाहीत, सोपं कॅरेक्टर घे.’ ‘खेळत राहा, येईल आपोआप.’ नेमकं काय चुकतंय हे त्यातल्या एकानेही बघितलं नाही. आपोआप काही येत नाही. चुकीची वेळ रोज घोटली की तीच बोटांत बसते.

तुम्ही आधी उडी सुधारून घेतलीत. 2001 सालचा हा गेम सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी, चालतो आणि फॉक्सचे पाय जमीन सोडायला 3 फ्रेम घेतात, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. उडीचं बटण तेवढ्यात सुटलं तरच शॉर्ट हॉप, म्हणजे बुटकी उडी, नाहीतर पूर्ण उडी, आणि समोरचा खाली वाट बघतच असतो. बटण दाबून उचलू नका, अंगठा त्याच्या कडेवरून घसरवा, असं तुम्ही सांगितलंत. एवढ्या एका वाक्यावर निम्मं काम झालं.

मग एल-कॅन्सल, म्हणजे हवेतला वार करून उतरल्यावर लवकर मोकळं व्हायची युक्ती. जमिनीला टेकण्याआधीच्या 7 फ्रेममध्ये कंट्रोलरवरचा एल दाबला की उतरल्यावरचा अडकलेला वेळ निम्मा होतो, नायरचा, म्हणजे हवेतल्या साध्या लाथेचा, 15 फ्रेमवरून 7 वर येतो. हे सगळेच सांगतात. पण रिकाम्या हवेत पक्कं बसलेलं एल-कॅन्सल प्रत्यक्ष सामन्यात का सुटतं, हे कुणी सांगत नाही. लाथ समोरच्याच्या शील्डवर, म्हणजे ढालीवर, लागली की हिटलॅगमुळे दोघेही क्षणभर गोठतात, ताज्या, म्हणजे सारखी वापरून बोथट न झालेल्या, नायरला 6-7 फ्रेम. फॉक्स तेवढा उशिरा खाली येतो, आणि सवयीच्या वेळी दाबलेला एल तोवर वाया गेलेला असतो. लाथ हुकली तर वेळ पुन्हा वेगळी.

हे तोंडी सांगून तुम्ही मोकळे झाला असतात तरी कुणी नाव ठेवलं नसतं. तुम्ही दुसरा कंट्रोलर उचललात आणि शील्ड धरून बसलात. कधी ती वर झुकवलीत, म्हणजे लाथ लवकर लागावी. कधी आकसू दिलीत, म्हणजे उशिरा लागावी. कधी न सांगता सोडून बाजूला झालात. प्रत्येक वेळी फक्त ‘लवकर’ किंवा ‘उशिरा’, एवढाच शब्द. सुस्कारा नाही, घड्याळाकडे नजर नाही. स्वतः खेळायला आलेला माणूस दुसऱ्यासाठी नुसती ढाल होऊन बसतो, हे मला अजून नीट पचलेलं नाही. लिहितानाही गळा भरून येतो.

त्याच बैठकीत वेव्हशाइनचा गुंताही सुटला. शाइन हा फॉक्सचा जवळचा वार; तो मारून लगेच उडी, आणि उडी सुटताच एलने तिरका खाली एअरडॉज (हवेतली हुलकावणी) करून जमिनीवर घसरत पुढे जायचं, ती वेव्हशाइन. शाइन पहिल्याच फ्रेमला लागते, म्हणून लोक पुढचं सगळंही घाईने उरकतात. एल उडीच्या त्या 3 फ्रेमच्या आतच दाबला गेला की एअरडॉज निघतच नाही आणि फॉक्स सरळ वर जातो. उशिरा दाबला तर हवेत उठून मग खाली येतो. स्टिक फार खाली ओढली की घसरण तोकडी पडते आणि समोरचा हाताबाहेर जातो. यातलं काहीच ‘हात चालत नाहीत’मध्ये मोडत नाही, दादा. ही सगळी वेळेची आणि कोनाची गणितं आहेत, आणि ती शिकवता येतात.

चांगला खेळणारा पुष्कळदा भेटतो. नवख्याचं बोट कुठे अडतंय ते थांबून बघणारा क्वचित. हा खेळ इतकी वर्षं टिकलाय तो अशाच माणसांच्या जिवावर, असं मी ठामपणे म्हणेन.

तुमच्याकडे आणखी कुणी नवखं आलं तर एक निरोप धाडा. तुम्ही निवांत खेळा, शील्ड मी धरतो.