मनू, तुझ्या कार्डिफचा एक अल्बम सापडलाय

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद. व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहिलं की तू "नंतर वाचते" म्हणतेस आणि ते राहूनच जातं, म्हणून मेल करतोय, रविवारी सावकाश वाच.

तू गेल्यापासून रात्रीची जेवणं झाली की मी यूट्यूबवर नुसतं कार्डिफ टाकून बघत बसतो, रस्ते, पाऊस, तो किल्ला. आई म्हणते आता तिकडे गाइडचीच नोकरी धरा. तर परवा असंच बघता बघता एक काळपट फोटो समोर आला, तीन चेहरे, अर्धे सावलीत. यंग मार्बल जायंट्स नावाचा बँड, अल्बमचं नाव कलोसल यूथ, साल 1980. म्हटलं तुमच्या गावची पोरं आहेत, ऐकू तरी. लावलं आणि मला वाटलं फोनचा स्पीकर गेला, कारण आवाज असा नाहीच जवळपास! ड्रमच्या जागी नुसतं टिक-टुक, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ती जागच्या जागी हलते ना, तेवढंच. चाल बेस गिटारवर, आणि साधी गिटार तारा दाबून दाबून ठेका धरतेय, म्हणजे सगळा उलटा कारभार. कुठे कुठे ऑर्गन. मधे एवढी मोकळी जागा की आपल्या हॉलमधलं घड्याळ ऐकू येतं.

मोक्सम आडनावाचे दोघं भाऊ, स्टुअर्ट आणि फिलिप, आणि गाणारी ॲलिसन स्टॅटन. पण मला खरी गंमत वाटली त्यांच्या चुलत की मामेभावाची (इंग्रजीत सगळे कझिनच), पीटर जॉइस. हा टेलिफोन इंजिनिअर! म्हणजे आमच्याच जातकुळीतला, फावल्या वेळात घरी सिंथेसायझर जोडणारा. ड्रमर नव्हता, मग ह्यांनी ड्रम मशीनचे ठेके कॅसेटवर भरले आणि स्टेजवर सरळ टेपरेकॉर्डर लावून त्यावर वाजवायचे. अगं मी एक्स्चेंजमधे असताना गणपतीला रनिंग लाइटचं सर्किट केलं होतं, आरतीच्या ऐन मधे बंद पडलं होतं, ते आठवलं. त्यांची टेप अडकली असती तर काय केलं असतं कोण जाणे.

एन.आय.टी.ए. नावाचं एक गाणं आहे, आई म्हणाली नीतामावशीवर केलंय का. पंधरा गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटंही नाहीत. एवढा एकच अल्बम केला आणि वर्षाच्या आतबाहेर फुटलेसुद्धा. पुढे तो निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन आपल्या आवडत्या अल्बममधे ह्याचं नाव घ्यायचा म्हणे, तो तुझ्या टी-शर्टवरचा.

आता मुद्द्याचं. ती ॲलिसन गाते म्हणजे काय करते, भांडी विसळताना बाई स्वतःशी गुणगुणते तसं, जोर नाही, हरकत नाही, आवाज फेकणं तर नाहीच. तिसऱ्यांदा ऐकताना मला तुझी सातवी आठवली. क्लासच्या बाई म्हणाल्या आवाज लहान आहे हो, मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, आणि मी तुझ्यासमोरच मान डोलावली आणि पुढच्या महिन्याची फी भरलीच नाही. तू काही बोलली नाहीस, फक्त बाथरूममधलं गुणगुणणं बंद झालं. ते बंद झालंय हेही मला खूप उशिरा कळलं. ह्या पोरीचाही आवाज पोचणारा नाहीये गं, मी फोन कानाला लावून ऐकत होतो. चुकलंच माझं.

बरं, तिथे मॉर्गन आर्केडमधे स्पिलर्स नावाचं रेकॉर्डचं दुकान आहे, 1894 सालचं, जगातलं सगळ्यात जुनं म्हणतात. जमेल तेव्हा जा आणि ही रेकॉर्ड आहे का, केवढ्याला आहे ते विचार. घेऊ नकोस, आपल्याकडे प्लेअर कुठाय. कव्हरचा फोटो तेवढा पाठव. आणि तुला कधी वाटलं तर फोनवर काहीतरी गुणगुणून पाठव, दोन ओळी चालतील, मी हेडफोन घेतलेत.

जेवणाची हेळसांड करू नकोस. मेतकूट संपलं असेल तर सांग.

तुझा,
बाबा

ता.क. माळ्यावर सोल्डरिंग आयर्न सापडलं. अजून गरम होतंय.