पाऊण तासवाल्यांनी खेळायचे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रात ऑनलाइन खेळांविषयी छापून येते ते दोनच प्रकारचे. एक तर मुलांना लागलेले वेड, नाहीतर कुणीतरी जिंकलेली बक्षिसे. मी या दोन्हींत बसत नाही. वय ४८, पेशा हिशेबनिसाचा, आणि गेली सहा वर्षे आठवड्यातून चार रात्री, पाऊण-पाऊण तास, मी एका ऑनलाइन खेळात हीलर आहे. एक जण ढाल घेऊन पुढे उभा राहतो आणि मार खातो, तिघे मागून हाणतात आणि मी सर्वांत शेवटी उभी राहून कुणाचा किती जीव उरला आहे ते दाखवणाऱ्या पाच पट्ट्यांकडे बघत बसते. पट्टी उतरली की भरायची. दिवसा कचेरीत जे करतेस तेच रात्री करतेस, असे घरचे म्हणतात. अगदीच खोटे नाही.

गेल्या वर्षी या खेळाचा नवा विस्तार आला, ज्याला सगळे एक्स्पान्शन म्हणतात तो. नवा प्रदेश, नवी कथा, कमाल लेव्हल ५० वरून ६०. आमचा पाच जणांचा गट होता, त्यातले आज दोघे उरलो आहोत. खेळ वाईट झाला असे मला म्हणता येत नाही. नवा प्रदेश देखणा आहे, राक्षस पूर्वीपेक्षा हुशार आहेत. तरीही आमच्यापुरता तो संपला. तो कसा संपला हे कुठेच लिहून येत नाही, म्हणून हे पत्र.

हिशेबात घसारा नावाची गोष्ट असते. यंत्र घेतले की त्याची किंमत वर्षावर्षाला थोडी उतरवायची. खेळात माझ्याकडे एक काठी होती, सात महिने खपून मिळवलेली. विस्तार सुरू झाला त्या रात्री नव्या प्रदेशाच्या वेशीवर एका म्हातारबाने मला सहा रानडुकरे मारायला सांगितली. मारली. बक्षीस म्हणून त्याने जी काठी दिली ती माझ्या काठीपेक्षा सरस निघाली. सात महिन्यांच्या मालमत्तेवर एका रात्रीत शंभर टक्के घसारा!

हे दुखणे जुनेच आहे म्हणा. जानेवारी २००७ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळाचा पहिला विस्तार 'द बर्निंग क्रूसेड' आला, तेव्हा चाळीस-चाळीस जणांनी मिळून रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाच्या मोहिमेत, मिळवलेल्या जांभळ्या नावांच्या (वरच्या दर्जाच्या) वस्तू नव्या प्रदेशातल्या साध्यासुध्या क्वेस्टच्या, म्हणजे नेमून दिलेल्या कामांच्या, हिरव्या (खालच्या दर्जाच्या) वस्तूंपुढे फिक्या पडू लागल्या. खरे तर फावल्या वेळात खेळणाऱ्याला हे आवडायला हवे. सगळ्यांची पाटी कोरी, सगळे एका रेषेवर. मलाही पहिले दोन आठवडे तसेच वाटले. काठी गेल्याचे वाईट वाटले, पण म्हटले, चला, आता आपणही सगळ्यांबरोबर.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही ६० ला पोचलो आणि खरी गोम कळली. नव्या प्रदेशात चार टोळ्या. प्रत्येकीचा विश्वास कमवायचा, त्यासाठी रोज प्रत्येकीची तीन कामे करायची. विश्वास पुरेसा झाला की किल्ली मिळते, किल्ली मिळाली की गुहेचे दार उघडते. मी वहीत मांडून पाहिले. बारा कामे, कामाला सरासरी पाच मिनिटे, शिवाय घोड्यावरची ये-जा दहा मिनिटे, एकूण सत्तर. माझ्याजवळ पंचेचाळीस. म्हणजे सोबत्यांना नुसते 'काय रे, कसे आहात' म्हणण्याआधीच पंचवीस मिनिटांची तूट. बरे, ती रविवारी भरून काढावी, तर तेही नाही. आजची कामे आज केली नाहीत तर ती बुडाली. मागची बाकी पुढे ओढू न देणारे खाते मी नोकरीच्या पंचवीस वर्षांत पाहिलेले नाही.

आणि ती कामे एकट्याने करायची! पाच जण एकत्र गेलो तरी प्रत्येकाने आपापली दहा फुले वेचायची. जिथे आम्ही गप्पा मारत गुहेत शिरायचो, तिथे आता पाच जण पाच दिशांना फुले वेचत होतो आणि बोलायला कुणी नव्हते.

इथे एक गैरसमज दूर करते. खेळ अवघड झाला अशी माझी तक्रार नाही. आमचे उत्तम दिवस हरण्याचेच होते. जुन्या प्रदेशातल्या एका राक्षसाने आम्हाला एका रात्रीत आठ वेळा मारले होते. आठव्यांदा ढालवाला नुसता म्हणाला, "आज याचाच वाढदिवस दिसतोय," आणि आम्ही हसत बाहेर पडलो. पाऊण तासात आठदा मरता येते, त्याला हरकत नाही. पाऊण तासात मरायच्या रांगेतही नंबर लागत नसेल तर मात्र आहे.

अवघडपणा खुपतो तो अनोळखी माणसांत. हे 'वॉरक्राफ्ट'वाल्यांनीही अनुभवले आहे. तिथे डिसेंबर २००९ पासून अनोळखी पाच जणांना आपोआप एकत्र जमवण्याची सोय झाली होती. मग डिसेंबर २०१० मध्ये 'कॅटॅक्लिझम' हा विस्तार आला आणि त्यातल्या हिरोइक, म्हणजे वरच्या पातळीच्या, गुहा मुद्दाम कठीण केल्या होत्या. हीलरची मंत्रशक्ती, म्हणजे माना, पुरवून पुरवून वापरावी लागे. शत्रूंपैकी एखाद्याला आधी गुंगवून ठेवले नाही तर गट आडवा. एकमेकांना ओळखणाऱ्यांसाठी ही मेजवानी. पण पाच अनोळखी लोक एका गुहेत सोडले आणि गट मेला, की पहिले बोट हीलरकडे जाते. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. जानेवारी २०११ मध्ये खेळाचे एक प्रमुख रचनाकार ग्रेग स्ट्रीट यांनी गुहा अवघड आहेत आणि तसाच हेतू आहे, असे जाहीरपणे लिहिले. ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीने १ कोटी २० लाखांवर वर्गणीदार सांगितले होते, ते सप्टेंबर २०११ अखेर १ कोटी ३ लाखांवर आले. सगळी गळती गुहांमुळेच झाली असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. पण त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने सोपी रेड उघडली, कुणालाही रांगेत उभे राहून शिरता येईल अशी. ती काही उगाच नसावी.

आता आमच्या गटाचे सांगते. ढालवाला रुग्णालयात पाळ्यांची नोकरी करतो. दोघे जादूगार नवरा-बायको, त्यांना विस्ताराच्या आधी तीन महिने मूल झालेले. ते रडले की दोघांपैकी एक पात्र गुहेत खांबासारखे उभे राहायचे आणि आम्ही त्याच्याभोवती लढायचो. पाचवा धनुर्धारी. त्याने विस्तार लगेच घेतला नाही, थोडे थांबतो म्हणाला. त्या एका निर्णयाने तो आमच्यातून उठला, कारण नव्या प्रदेशात त्याला पाऊल टाकता येईना आणि जुन्या प्रदेशात दुसरे कुणी उरलेच नव्हते. पूर्वी पाच-सात मिनिटांत भरणारी जुन्या गुहेची रांग आता पाऊण तास रिकामी. दोन महिन्यांनी त्याने विस्तार घेतला तेव्हा आम्ही ६० ला आणि तो ५० ला. दहा लेव्हल त्याने एकट्याने चढायच्या होत्या. सहा चढला. एके दिवशी त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका दिसेनासा झाला.

नवरा-बायको तिसऱ्या महिन्यापर्यंत टिकले. मग त्यांच्या जागी अनोळखी घ्यावे लागले. एका रात्री तिसऱ्या राक्षसाच्या दाराशी एकाने माझे सामान तपासले. नव्या गुहेला १८० गिअर-स्कोअर (सामानाच्या दर्जाचे गुण) हवा, माझा १७१. त्याने लिहिले, "हीलर कच्चा आहे, काढा." मतदान झाले. तीन विरुद्ध एक. मी गुहेच्या बाहेर, गवतात उभी. तोवर आमचा एकही जण मेला नव्हता, हे कुणी विचारलेच नाही. ते नऊ गुण कुठे होते? चौथ्या टोळीच्या विश्वासात, म्हणजे मी न वेचलेल्या फुलांत.

ते एक मत आमच्या ढालवाल्याचे. तोही लगेच बाहेर पडला आणि माझ्या शेजारी गवतात येऊन बसला. (खेळात बसण्याची सोय आहे. इतकी उपयोगाची सोय दुसरी नाही.)

माझा भाचा मोठ्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या संघात, आहे, आठवड्याला तीन रेड करतो. त्याला हे ऐकवले तर म्हणाला, "मावशी, तुला पाऊणच तास असेल तर सुडोकू सोडव ना. आम्ही काय जन्मभर त्याच गुहा झाडायच्या?" त्याचे चुकत नाही. नवे काही आले नाही तर रोज चार तास खेळणारे कंटाळून जातात, आणि कंपनीलाही नव्या विक्रीवरच पगार करायचे असतात. विस्तार येऊच नयेत असे मी म्हणणार नाही. मलाही नवा प्रदेश हवाच होता.

पण भाच्याला मी 'डार्क एज ऑफ कॅमलॉट'ची गोष्ट सांगितली. तीन राज्ये एकमेकांशी लढतात, हाच त्या खेळाचा जीव. लोक संध्याकाळी यायचे, सरहद्दीवर मारामारी करायचे, झोपायला जायचे. २००३ मध्ये त्याचा 'ट्रायल्स ऑफ अटलांटिस' हा विस्तार आला. त्यात दिव्य शस्त्रे होती, पण ती मिळवायला आधी राक्षस मारा, मग विखुरलेली पाने गोळा करून पुस्तक पूर्ण करा, आणि मग ते शस्त्र वापरून वापरून पिकवा. शिवाय दहा मास्टर लेव्हल, ज्यांच्या परीक्षांना माणसांचा मोठा जमाव लागे. हे न करणारा सरहद्दीवर गेला की करणाऱ्याच्या हातून मार खाई. लढायला आलेल्यांना आधी पाने गोळा करायला बसवले. लोकांनी इतका त्रागा केला की २००५ मध्ये कंपनीने तो विस्तार वगळलेले वेगळे 'क्लासिक' सर्व्हर सुरू केले. स्वतः विकलेली वस्तू नसलेले दुकान स्वतःच उघडायचे, याला हिशेबाच्या भाषेत काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

दुसरी वाट नाही असेही नाही. 'गिल्ड वॉर्स २' हा खेळ २०१२ चा. त्यात कमाल लेव्हल ८० होती आणि नंतर विस्तार येत गेले तरी ती ८० च राहिली. सहा महिन्यांनी परत आलात तर तुमची काठी ही काठीच असते. तिथेही चुका झाल्याच. २०१५ च्या 'हार्ट ऑफ थॉर्न्स' विस्तारात नवे कसब पूर्ण उघडायला ४०० हीरो पॉइंट (खेळून मिळवायचे गुण) ठेवले होते. आरडाओरडा झाला आणि काही आठवड्यांतच ते २५० वर आणले. चूक आकड्यात होती, म्हणून आकडा बदलला. मला हे फार आवडले. आमच्या खेळात मात्र पुढे गेलेल्यांना गाठायची सवलत सहा महिन्यांनी आली, तोवर गाठायला कुणी राहिले नव्हते.

'रूनस्केप'वाल्यांनी तर खेळाडूंचा कौल घेऊन फेब्रुवारी २०१३ मध्ये खेळाची २००७ सालची जुनी प्रत पुन्हा चालू केली, आणि तीत नवे काही घालायचे तर आधी मतदान, सुरुवातीला ७५ टक्के होकाराची अट. कंपनी-कायद्यातल्या विशेष ठरावासारखे वाटले मला. तीन चतुर्थांश सभासद हात वर करत नाहीत तोवर फुले वेचायला लावता येणार नाहीत!

आता आपल्याकडे मागणे एवढेच. नव्या विस्ताराची परीक्षणे कुठेही वाचा, ती पहिल्या आठवड्यात आलेली असतात आणि लिहिणारा बहुधा दिवसदिवस खेळून ती लिहितो. त्याला चार दिवसांत चारही टोळ्या भेटतात, देखावे दिसतात, कथा पुरी होते. आमचा त्रास सहाव्या आठवड्यात सुरू होतो, तेव्हा परीक्षक पुढच्या खेळाला गेलेला असतो. आपल्या पुरवणीत कधी अशा खेळावर लिहून घ्याल तर लेखकाला एक चौकट जरूर भरायला लावा: आठवड्याला तीनच तास देणारा माणूस दोन महिन्यांनी कुठे असेल, त्याच्या मित्रांबरोबर की मित्रांच्या मागे? रोज न आल्यास काय बुडते? ज्याने विस्तार घेतला नाही त्याला घेतलेल्याबरोबर खेळता येते का? देखाव्यांना किती तारे द्यायचे ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

कळावे,
आपली,
पाऊण तास खेळणारी एक वाचक

ता. क. पत्र लिहून झाल्यावर भाच्याला वाचायला दिले. सुडोकूचे वाक्य काढ म्हणाला, मी काढले नाही. मग जरा वेळाने, फोनमध्येच बघत, "मावशी, तू हीलर आहेस ना अजून? आमच्याकडे दहा लागतात, हल्ली आठच येतात. नवे कुणी मिळतच नाहीत. बुधवारी येतेस?" मी विचारले, किती वाजता. "नऊ ते एक." म्हटले, पावणेदहापर्यंत आहे मी. तो विचार करतोय.