एकाचे सात होतात, पण कुठल्या वर्गात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख वाचला. लगेच लिहिणार होते, पण राग शांत होऊ दे म्हणून एक दिवस थांबले, झाला नाही. तीन वर्षांचं प्रत्येक मूल सरकारने वर्गात आणलं पाहिजे, बरं, त्यावर माझं भांडण नाही. पण १ डॉलर घातला की ७ परत येतात असं जे ठणकावून लिहिलंय, ते ७ आले कुठून तेही छापा की! अमेरिकेत मिशिगनमधला तो पेरी प्रीस्कूलचा प्रयोग, १९६२ ते ६७. सगळी मिळून मुलं १२३, त्यातली वर्गात जाणारी ५८, पाच-सहा मुलांमागे एक शिकलेली बाई, आणि ती बाई आठवड्यातून एकदा दीड तास मुलाच्या घरी जाऊन आईबरोबर बसायची. ते सात डॉलरही मुलं २७ वर्षांची झाल्यावर हिशोब करून निघाले, पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये नाही.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना बालवाडीत जायची. मुलं ३४, ताई एक, मदतनीस फक्त कागदावर. एकदा घरी आली तर चड्डी कडक झालेली, म्हणजे ओली होऊन अंगावरच वाळलेली. विचारलं तर म्हणे, शू आली सांगितलं, ताई म्हणाल्या थांब, म्हणून मी थांबले. दुसऱ्या दिवशी मी तणतणत गेले. ताईंनी वाद घातला नाही, एवढंच म्हणाल्या, हिला घेऊन मी बाहेर गेले की आत तेहतीस उरतात, तुम्हीच सांगा काय करू. हे बोलणं चालू असतानाच मागे एकाने दुसऱ्याचा दंड चावला. भांडायला गेलेली मी अर्धा तास मुलांना दोन-दोन करून शूला नेत होते. वही मात्र रोज भरून यायची, उभ्या रेघा, आडव्या रेघा, पानंच्या पानं. तपासणीला येणारे वही बघतात, चड्डी कोण बघणार!

आणि संशोधनच हवं असेल तर गैरसोयीचंही छापा ना. कॅनडात क्विबेक प्रांताने १९९७ साली दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघरं सुरू केली, आया नोकरीला लागल्या, छानच झालं, पण मुलांमधली चिडचिड आणि मारामारी वाढल्याचंही अभ्यासात निघालं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात सरकारी प्री-केला, म्हणजे तिथल्या बालवाडीला, गेलेली मुलं सहावीत पोचली तर न गेलेल्यांपेक्षा मागे, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालंय. मग काय बंद करायचं का, असं विचाराल. नाही हो, माणसं वाढवा म्हणतेय, आणि त्यांना धड पगार द्या. पण पटावरची मुलं वाढली की आकडा लगेच दाखवता येतो, एका ताईकडची मुलं कमी केली तर कोण टाळ्या वाजवणार? तुमच्या अग्रलेखातही 'ताई' हा शब्द एकदाही नाही, मी दोनदा शोधला. शेजारी फोटो कुणाचा, तर टॅबलेट धरलेल्या मुलाचा!

जाता जाता, मागच्या वेळी माझं पत्र छापलंत त्यातलं नेमकं मुद्द्याचं वाक्य कापलंत आणि वर नावाआधी 'श्री.' लावलंत. या वेळी जागा कमी पडली तर क्विबेक कापा, चड्डी कापू नका.

आपली,
एक वाचक (श्री. नव्हे)