बाबा, तो लांडगा नव्हता

होबार्ट, टास्मानिया (ऑस्ट्रेलिया), ८ सप्टेंबर

ती. बाबा आणि आई यांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तुमच्याकडच्या त्या पट्ट्यांच्या लांडग्यानं खरंच एवढी मेंढरं मारली का गं?" आणि तेवढ्यात फोन कट झाला. तुम्ही अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलंय, तुम्हाला मोघम उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून पत्र लिहायला बसले.

काल ७ सप्टेंबर होता. १९३६ साली याच तारखेला होबार्टच्या बोमॅरिस प्राणिसंग्रहालयात शेवटचा थायलसिन, म्हणजे तुम्ही म्हणता तो पट्ट्यांचा लांडगा, मेला. सुट्टी होती, म्हणून मी इथल्या म्युझियममध्ये गेले. काचेपलीकडे पेंढा भरलेला थायलसिन उभा आहे. तोंड अगदी आपल्या कुत्र्यासारखं. अंगावर आखूड, पिवळट-तपकिरी केस आणि पाठीच्या मध्यापासून शेपटीच्या बुडाशी येईपर्यंत काळपट पट्टे. पण शेपटीकडे बघितलं की कुत्रा मनातून जातो. बुडाशी जाड आणि पुढे निमुळती होत गेलेली ताठ शेपूट, कांगारूची असते तशी. आई, तुला नवल वाटेल, त्याच्या मादीला पोटाला पिशवी असायची आणि तिचं तोंड मागच्या बाजूला उघडायचं. पिल्लं आत वाढायची, एका वेळी फार तर चार. नरालाही पिशवीसारखी घडी होती.

म्हणजे बाबा, तो लांडगाही नव्हता आणि वाघही नव्हता. लोकांनी लांब थोबाड बघून लांडगा म्हटलं, पट्टे बघून टास्मानियाचा वाघ म्हटलं. नात्यानं तो कांगारूला जवळचा आणि कुत्र्याला फार लांबचा. दोघांचे पूर्वज एक होते त्याला सोळा कोटी वर्षं होऊन गेली. तरी कवट्या शेजारी ठेवल्या तर भल्याभल्यांची फसगत होते. शिकार करून जगायचं म्हटलं की डोक्याची घडण तशीच होत गेली असणार.

एके काळी तो अख्ख्या ऑस्ट्रेलियात होता. उत्तरेकडे काकाडूच्या खडकांवर तिथल्या मूळ लोकांनी त्याची चित्रं काढलेली आहेत. मुख्य भूमीवरून तो साधारण तीन हजार वर्षांपूर्वी संपला. कुणी डिंगो कुत्र्यांना कारण मानतं, कुणी वाढत्या माणसांना, कुणी हवामानाला. आमचं टास्मानिया बेट त्याच्या आधीच समुद्रानं मुख्य भूमीपासून तोडलं होतं आणि डिंगो इथं कधी पोचलेच नाहीत. म्हणून इथं तो टिकला.

मग मेंढरं आली. १८३० मध्ये मेंढरं पाळणाऱ्या व्हॅन डिमेन्स लँड या इंग्रजी कंपनीनं आपल्या कुरणांवर थायलसिन मारणाऱ्याला बक्षीस लावलं. त्याच कंपनीच्या माणसांनी दोनच वर्षं आधी केप ग्रिम या ठिकाणी इथल्या मूळ लोकांना मारलं होतं. हे म्युझियममध्ये वाचताना माझे हात गार पडले. पुढे मेंढपाळांच्या तक्रारी पार्लमेंटात गेल्या आणि सरकारी बक्षिसाचा ठराव १२ विरुद्ध ११, म्हणजे एका मतानं मंजूर झाला. १८८८ पासून मोठ्या जनावराला एक पौंड, पिल्लाला दहा शिलिंग. १९०९ पर्यंत २,१८४ बक्षिसं दिली गेली. हा फक्त सरकारी हिशोब. शिवाय कंपनीचं बक्षीस वेगळं, कातडी विकणारे वेगळे, आणि त्याच काळात प्राण्यांत रोगाची साथही आली.

आता तुमचा प्रश्न. काही मेंढरं त्यानं नक्की मारली असतील, नाही कशाला म्हणू? पण अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याचं सरासरी वजन १७ किलोच्या आसपास काढलंय, म्हणजे आपल्या वाड्यावरच्या कुत्र्यापेक्षा काही फार जड नव्हे. जबड्याच्या अभ्यासातूनही असं दिसतं की मोठं जनावर लोळवण्याइतका जोर त्यात नव्हता. मेंढरं मरायची ती मोकाट कुत्र्यांनी, चोरीनं, थंडीपावसानं, नीट देखभाल नसल्यानं. पण मालकाला हिशोब द्यायची वेळ आली की वाघाचं नाव सांगणं सोपं होतं. बाबा, तुम्ही सांगायचात, रात्री मेंढरांभोवती वाघरीचं जाळं नीट लावलं नाही म्हणून कोकरू गेलं तरी सकाळी गावभर लांडग्याच्या नावानं शिमगा. ते ऐकलं होतं म्हणून मला हे लगेच कळलं.

तो शेवटचा थायलसिन म्हणजे एक मादी होती. तिचं तर फार वाईट झालं. १९३६ च्या मे महिन्यात फ्लोरेंटाइन खोऱ्यात एका फासेवाल्यानं तिला धरलं आणि प्राणिसंग्रहालयाला विकलं. असे फास लावायला बंदी होती, म्हणून या व्यवहाराची नोंदच केली नाही. १० जुलैला सरकारनं थायलसिनला कायद्याचं संरक्षण दिलं. त्यानंतर ५९ दिवसांनी ती मेली. कातडं आणि हाडं म्युझियमकडे गेली, पण नोंद नसल्यानं ती कुणाची हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. कातडं शाळाशाळांतून मुलांना दाखवायला नेत राहिले. शेवटी २०२२ मध्ये म्युझियमच्याच कपाटात ते ओळखलं गेलं. शहाऐंशी वर्षं ती शेवटची मादी घरातच होती आणि जग तिला शोधत होतं.

आता तिच्या जातीला पुन्हा जन्माला घालण्याच्या गोष्टी चालल्यात. जुन्या बाटलीत राखलेल्या पिल्लापासून शास्त्रज्ञांनी जनुकं वाचली आहेत. मला त्याचं काही फार वाटत नाही. माझ्या डोक्यातून ते कपाट जात नाही.

घरी आले आणि आजोबांची आठवण आली. दुष्काळात शेजारच्या वाड्यावाल्यानं मेलेल्या शेळीत विष घालून माळावर टाकायचं ठरवलं, तेव्हा आजोबा म्हणाले होते, "त्याचा वाटा तो नेतो, आपला आपण राखावा." आणि रात्रभर काठी घेऊन वाघरीबाहेर बसून राहिले. हे मी तुमच्याकडून दहा वेळा ऐकलंय, पण तो कोणता माळ, कोणतं साल, लांडगे किती होते, हे कधी विचारलंच नाही.

आई, एक काम कर. बाबा जेवून ओट्यावर बसले की मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू कर आणि हे सगळं त्यांच्याकडून बोलून घे. माळांची नावं, लांडग्यांच्या बिळाच्या जागा, माळढोक दिसायचा त्या जागासुद्धा. मधे त्यांना चहाला उठवू नकोस. धाकट्याला सांग, तो मला पाठवेल.

बाबांच्या गुडघ्याची गोळी संपली असेल, आणून ठेवा.

तुमची लेक