सूचना : बंद घरातली गांजाची लागवड
सर्व सभासदांना नमस्कार. घरात चोरून गांजा वाढवला जात असेल तर बहुधा आधी वास येतो: उग्र, हिरवट, खिडक्या बंद असूनही जिन्यापर्यंत पोहोचणारा. खिडक्या कायम काळ्या प्लास्टिकने झाकलेल्या, काचांना आतून पाण्याचे थेंब, रात्रंदिवस पंख्यांची घरघर, आणि राहायला मात्र कोणीच नाही. एकाच खुणेवरून कोणावर संशय घेऊ नका. बऱ्याच जुळल्या तर पोलिसांना कळवा, तुमचं नाव गुप्त ठेवायलाही सांगा.

मला जास्त काळजी आगीची वाटते. झाडं वाढवायला लावलेल्या मोठ्या दिव्यांसाठी अनेकदा मीटर टाळून वीज ओढलेली असते. त्यामुळे दार वाजवायला जाऊ नका, तारांना हात लावू नका. काय, कधी दिसलं ते लिहून ठेवा. कृपया कोणाचं नाव किंवा फोटो ग्रुपवर टाकू नये.